पूजेला ठेवलेले बूट

मास्तर, मी दाराजवळच्या स्टुलावर बसून हे लिहितो आहे. एका पायात बूट आहे, दुसरा समोर पडला आहे. घरातली माणसं अजून उठायची आहेत आणि बाहेर धुकं इतकं आहे की समोरची इमारत तिच्या जागेवर आहे की नाही हेही खिडकीतून कळत नाही. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. एकाच टेबलाशी आयुष्य काढणाऱ्या माणसांना पत्र लिहायची वेळ कुठे येते. शिवाय माझं शिक्षण आठवीपर्यंत, आठवीही पुरती नाही. जन्मभर सरकारी छापखान्याच्या बांधणी खात्यात दुसऱ्यांनी लिहिलेलं शिवलं, कापलं, पुठ्ठ्यात घातलं. स्वतः लिहायची वेळ आली की आधी घाम फुटतो. चुका दिसतील त्या तुम्ही मनातल्या मनात सुधारून घ्या, जसं आमचं वाकडं कापलेलं तुम्ही कुणाला न सांगता पुन्हा कापून घ्यायचात.

आधी बातमी सांगतो. मी शर्यत धावलो. एकवीस किलोमीटरची, दिल्लीच्या मोठमोठ्या रस्त्यांवरून, ज्या रस्त्यांवर आपण दोघं छापखाना सुटल्यावर बससाठी उभे असायचो. धावलो म्हणजे काही धावलो, बरंच चाललो, पण शेवटपर्यंत गेलो. तुम्ही हसाल हे मला माहीत आहे. जिना चढताना स्वतःची नाडी बघणारा माणूस मी, घराबाहेर पडताना गॅस बंद केला का म्हणून दोनदा मागे फिरणारा. हे माझं डोकं नव्हेच, सूनबाईचं. डॉक्टरांनी साखर फार वाढली म्हणून चालायला सांगितलं होतं आणि मी चार दिवस चाललो की आठ दिवस बसायचो. आम्ही आता नोएडात राहतो, सूनही इथेच एका ऑफिसात आहे, स्वतः धावते. दिल्लीत वाढलेली, त्यामुळे मराठी बोलता बोलता हिंदीत उतरते. ती एक दिवस म्हणाली, "बाबा, तुमचं नाव दिलंय शर्यतीत. आता कॅन्सल नाही होत, बिल्कुल नाही." पुढे मला कळलं की होत होतं. पण तोपर्यंत बूट आले होते आणि माझी सकाळची झोप गेली होती.

खरं सांगायचं तर ते महिने चांगले गेले. आज किती चालायचं, उद्या किती धावायचं, हे सगळं ठरलेलं असे. माझ्यासारख्या माणसाला ठरलेलं बरं पडतं. काळजी करायला जागा उरत नाही, किंवा उरली तरी ती कामाची काळजी असते. गुडघा दुखतोय का, पाणी घेतलं का, खिशात बिस्किटं ठेवली का. साखर उतरली, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. तुम्ही दिलेली हाडाची पट्टी मी बूट घालायला वापरतो, हेही सांगून टाकतो. मी नोकरीत कायम झालो त्या दिवशी तुम्ही ती तुमच्या कप्प्यातून काढून माझ्या हातावर ठेवली होती, कागदाची घडी दाबायला, तुमच्या हाताने झिजून गुळगुळीत झालेली. बुटाची टाच माझ्या पायाला घट्ट होते. पट्टी आत सरकवली की पाय अलगद बसतो. ती अशी वापरलेली तुम्हाला आवडणार नाही असं आधी वाटलं होतं, पण कपाटात ठेवलेली त्याहून आवडली नसती.

शर्यतीच्या दिवशी मी खिशात चिठ्ठी ठेवली होती, मुलाचा फोन नंबर आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते लिहून. वाटेत पडलो तर. पडलो नाही. शेवटच्या कमानीखालून गेलो तेव्हा कुणीतरी गळ्यात पदक घातलं, कुणीतरी केळं दिलं, आणि मी तिथे उभा. आजूबाजूला पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती, फोटो काढत होती. मला आनंद झाला असणार, पण त्यापेक्षा जास्त असं वाटलं की आता उद्या सकाळी काय. सून आधीच पोहोचली होती. मी तिला म्हटलं, "आता?" ती म्हणाली, "अब घर, बाबा."

घरी आलो तर हिने दारातच ओवाळलं. हिचं कौतुक मी समजू शकतो, तिने माझे मोजे धुतलेत. पण पुढच्या रविवारी आपल्या महाराष्ट्र मंडळानेही सत्कार ठेवला. शाल, नारळ, गुलाबाचा हार. अध्यक्षांनी भाषण केलं की ज्येष्ठांनी यांचा आदर्श घ्यावा, आणि ज्येष्ठ मागच्या रांगेत बसून बटाटेवडा कधी येतो ते बघत होते. मी खुर्चीत हार घालून बसलो होतो आणि मला एकदम तुमची खुर्ची आठवली. निरोपाच्या दिवशी छापखान्याच्या आवारात तुम्हाला असंच बसवलं होतं. त्यावर पुढे येतो.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. तुम्ही गेल्यानंतरही मी घरी ती चुकवलेली नाही. पाटावर मुलाचा लॅपटॉप, सुनेच्या गाडीची किल्ली, हिची विळी, माझी हाडाची पट्टी असं मांडतो. या वेळी हिने न विचारता माझे बूटही ठेवले. नवे नाहीत, घाम पिऊन कडक झालेले, पण तिने ओल्या फडक्याने पुसले, हळदकुंकू लावलं, दोन्हींवर एकेक झेंडूचं फूल ठेवलं. मी म्हटलं, अगं, पायातली वस्तू आहे. ती म्हणाली, "पायातली असेल. गोळी याच बुटांनी कमी केली ना?" मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाने लॅपटॉप उचलला, सुनेने किल्ली नेली, हिने विळीवर भोपळा चिरला. पट्टी मी माझी मीच कप्प्यात ठेवली. बूट तसेच राहिले. पाट उचलायचा म्हणून हिने ते फुलांसकट दाराजवळच्या कपाटावर ठेवले आणि तिथेच राहिले.

आधी म्हटलं, शर्यतीनंतर विश्रांती घ्यायची असते. सूनही तसंच म्हणाली होती, आठवडाभर. मग दिवाळी आली आणि दिल्लीची हवा बिघडली. सकाळी उठून मी फोनवर हवेचा आकडा बघायचो, तो लाल दिसला की काळजी वाटायची आणि खरं सांगू, जरा बरंही वाटायचं. मग थंडी. मग पाहुणे. मग धुकं. सून विचारायची, बाबा, पुढची शर्यत फेब्रुवारीत आहे, नाव देऊ का. मी म्हणायचो, बघू. पुन्हा तेच एकवीस किलोमीटर कशासाठी, हे मला कळेना. एकदा करून झालं होतं. पदक भिंतीवर होतं. येणारा-जाणारा ते हातात घेऊन बघायचा, मी काय झालं ते सांगायचो, आणि प्रत्येक वेळी सांगताना ते कुणा दुसऱ्याच माणसाने केल्यासारखं वाटायचं. एकदा हिने बूट उचलून खाली ठेवायला घेतले तर मी ओरडलो, पूजेचे आहेत, राहू दे. तिने ते पुन्हा वर ठेवले.

तेव्हा आठवलं, मास्तर. ते कटिंग मशीन. मी नवाच लागलो होतो, मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. छापखान्यात विश्वकर्मा पूजा सगळ्यांची व्हायची आणि खंडेनवमी फक्त आपल्या बांधणी खात्याची, कारण ती तुमची होती. बाकीचे चेष्टा करायचे, मास्टरजी के यहाँ मशीन साल में दो बार नहाती है. त्या वर्षी तुम्ही मला सांगितलं होतं की दसरा झाला की कागद कापायच्या मशीनवर तू उभा राहायचं. मी त्या पात्याला भीत होतो. रिमच्या रिम एका दाबात कापणारं पातं, त्याचा तो खाली येतानाचा आवाज. सुट्टीनंतर सकाळी सगळी मशीनं सुरू झाली आणि माझं तसंच, वर झेंडू. तुम्ही आलात. मी म्हटलं, मास्तर, पूजा केलेली आहे, हात कसा लावू. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही ते फूल उचललंत, माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलंत आणि म्हणालात, "पूजा वापरायच्या वस्तूची करतात. न वापरलेल्या वस्तूवर नुसती धूळ बसते. फूल तुझ्याकडे राहू दे, मशीनला काम आहे."

आणि मग तुमची ती पद्धत. सुट्टीनंतरचं पहिलं काम सरकारी नाही, स्वतःचंही नाही. कुणाचं तरी छोटंसं. त्या दिवशी फाटकावरचा चौकीदार त्याची पोथी घेऊन उभा होता, पानं सुटलेली, कडा कुरतडलेल्या. तुम्ही ती माझ्या हातात दिलीत आणि त्याला म्हणालात, "यहीं खड़े रहो, सामने." मी विचारलं, त्याला कशाला उभं करता. तुम्ही म्हणालात, "आपल्या कामाला माणूस सबब सांगतो. दुसरा समोर उभा असला की सबब सुचत नाही." मी शिवण घातली, खळ लावली, वाळल्यावर पोथी मशीनखाली धरली. चौकीदार माझ्या हाताकडे नाही, पोथीकडे बघत होता. पातं तीनदा खाली आलं आणि तिन्ही कडा सरळ निघाल्या. त्यानंतर त्या मशीनवर मी निवृत्त होईपर्यंत उभा होतो. भीती गेली नाही. रोज सकाळी पहिला दाब देण्याआधी मी हात दोनदा मागे घेऊन बघायचो. पण मी उभा असायचो.

हे सगळं आठवून मला धीर यायला हवा होता. आला नाही. कारण तुमच्या त्या बोलण्यासोबत तुमची ती गाझियाबादची खुर्चीही आठवते. निरोप समारंभात तुम्हाला हार घातले, शाल दिली, साहेबांनी तुमच्यासारखा कारागीर होणे नाही असं सांगितलं. दिवसभर पायावर उभा राहणारा माणूस, जेवायच्या सुट्टीतही उभ्यानेच डबा खाणारा. तुम्ही गाझियाबादला मुलाकडे गेलात आणि गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसलात ते बसलातच. मी रविवारी बस बदलून यायचो. दर खेपेला तुमच्या पायाची सूज थोडी वाढलेली असायची. तुमचीही साखरच होती. हत्यारांची पेटी पलंगाखाली होती, तिच्यावर तुम्ही निवृत्तीचा शेवटचा हार ठेवला होता, तो वाळून काळा झाला तरी कुणी काढला नव्हता. मी एकदा विचारलं, काही काम घरी का करत नाही, मास्तर. तुम्ही गॅलरीतून खाली बघत म्हणालात, "सगळे आता पाया पडायला येतात रे. काम घेऊन कुणी येत नाही."

मी तेव्हा तरुण होतो, मला वाटलं तुम्ही थकलात. त्यानंतर दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. या जानेवारीत डॉक्टरांनी माझा कागद बघून चष्मा काढला आणि सांगितलं, साखर पुन्हा होती तिथे गेली आहे, पुढच्या वेळी हीच राहिली तर इन्सुलिनची सुई सुरू करू. मला सुईची भीती वाटते, पण घरी परत येताना कॅबमध्ये मला सुई दिसत नव्हती. वेताची खुर्ची दिसत होती. माझ्या गॅलरीतही एक खुर्ची आहे, प्लास्टिकची. मी घरी आल्यावर ती उचलून आत ठेवली. संध्याकाळी ऊन आलं तेव्हा पुन्हा बाहेर काढली आणि तिच्यात बसलो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. मोठे अधिकारी होते, लखनौकडचे, बायको वारली, मुलगा परदेशात. मी धावायचो तेव्हा ते खाली बाकावर पेपर वाचत बसायचे आणि मी समोरून गेलो की म्हणायचे, क्यों भाईसाहब, देश का नाम रोशन हुआ कि नहीं अभी तक. मला राग यायचा आणि मी वेग वाढवायचो, त्याचा फायदाच झाला. डिसेंबरात त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. हात सुधारला, पाय जरा ओढतात. बरेच दिवस ते दिसले नाहीत. मग एका सकाळी बेल वाजली. दारात ते, मफलर कानाला, काठी, आणि पायात एकदम पांढरेशुभ्र नवे बूट. नेहमीची थट्टा नाही. म्हणाले, "भाईसाहब, एक चक्कर मेरे साथ लगा लीजिए. डॉक्टर ने चलने को कहा है. अकेले डर लगता है."

डर लगता है, हे वाक्य आमच्या घरात माझं आहे. दुसऱ्याच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं, आणि तेही इतक्या मोठ्या माणसाच्या. तरी माझ्या तोंडून निघालंच, "मेरे जूते पूजा में हैं." त्यांनी कपाटावरच्या बुटांकडे बघितलं. म्हणाले, "दशहरे से?" आतून ही म्हणाली, "अहो, देवाने सुद्धा एवढी झोप काढली नसती." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली, मदतीला आली नाही. ते गृहस्थ तिथेच उभे. बसा म्हटलं तर म्हणाले, बसलो की उठायला वेळ लागतो, यहीं ठीक हूँ.

दारात, समोर उभे. मास्तर, मी तुम्हाला सांगतो, मला त्या क्षणी हवेचा आकडा आठवला नाही, गुडघा आठवला नाही, धुकं आठवलं नाही. मी कपाटावरून बूट खाली घेतले. झेंडू वाळून कागदासारखा झाला होता, हात लावताच पाकळ्या सुटल्या. कुंकू कापडात मुरलं होतं. मी उरलेलं फूल शर्टाच्या खिशात ठेवलं, पट्टी टाचेला लावली आणि पाय आत घातले.

एकच चक्कर मारली, बागेभोवती. एवढी हळू की झाडूवाली आमच्या पुढे गेली. त्यांनी माझी बाही धरली होती. मधे दोनदा थांबलो. ते विचारत होते, शर्यतीत इतका वेळ आदमी क्या सोचता है. मी म्हटलं, मी तर सारखा हाच विचार करत होतो की गॅस बंद केला की नाही. ते हसले आणि हसताना त्यांचा तोल गेला, मी सावरलं. घरी आलो तेव्हा मला घाम आला नव्हता, छाती धडधडली नव्हती, हे व्यायामात धरता येईल असं वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बेल वाजली. तिसऱ्या दिवशी मीच खाली जाऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांना आत मोजे सापडत नव्हते, काही तरी सबब चालली होती, मी म्हटलं, मैं यहीं खड़ा हूँ. आता त्यांना घरी सोडलं की मी एकटा आणखी थोडा जातो. परवा फाटकापासून पहारेकऱ्याच्या खोलीपर्यंत पळालो. थोडंच अंतर आहे. पहारेकरी उठून उभा राहिला, त्याला वाटलं काही झालं.

सूनबाईला मी अजून पुढच्या शर्यतीचं काही सांगितलेलं नाही. तिने विचारलं की बघू म्हणतो, पण आता टाळायला म्हणत नाही. पदक मी भिंतीवरून काढून हिच्या कपाटात ठेवलं आहे. हिला ते आवडलं नाही. साखरेची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. काय निघेल माहीत नाही. इतक्या थोड्या दिवसांत उतरणार नाही असं डॉक्टर म्हणतील, आणि मग सुई लागली तर लागेल. सुई घेऊन चालता येतं, असं खालच्या मजल्यावरचे म्हणतात. ते स्वतः घेतात. मला त्यांनी हे कधी सांगितलंच नव्हतं.

तुम्हाला राग येणार नसेल तर एक सांगतो. तुमच्या खुर्चीबद्दल मी इतकी वर्षं मनात एक अढी धरून होतो. आम्हाला सांगायचं आणि आपण बसून राहायचं. आता तसं वाटत नाही. तुमची पद्धत एकट्याने चालणारी नव्हतीच. तिला एक माणूस समोर लागतो, आणि हार घातलेल्या माणसासमोर कुणी पोथी घेऊन उभं राहत नाही.

हे पत्र कुठे पाठवणार. गाझियाबादचं ते घर तुमच्या मुलाने केव्हाच विकलं. पट्टीने घडी दाबून कप्प्यात ठेवून देईन, शिवायच्या राहिलेल्या पानांसारखं. आणि तुमची आठवण दाटून आली म्हणून लिहायला बसलो असं तुम्हाला वाटायला नको. खालचे गृहस्थ काल बहिणीकडे कानपूरला गेले, आठवडाभर नाहीत. आज बेल वाजणार नव्हती. एक बूट घालून मी कधीचा बसलो होतो आणि दुसरा पायात जाईना. समोर कुणी उभं नव्हतं, म्हणून तुम्हाला उभं केलं. आता जातो. गॅस एकदा बघतो आणि जातो.